आठवड्यात तीन दिवस बारबेल, कोपऱ्यात कोंबुचाची बरणी आणि घरचं सगळं: ठाणे-नवी मुंबईच्या फ्लॅटमध्ये कसं बसवायचं?

घोडबंदर_४२ (धागाकर्ता)

मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. घोडबंदर रोडला २ बीएचके. सोमवार-बुधवार-शुक्रवार घरीच व्यायाम: स्क्वॉट स्टँड, बेंच, २० किलोचा बार, १२० किलो प्लेट्स. शिवाय ५ लिटरच्या काचेच्या बरणीत कोंबुचा, म्हणजे आंबवलेला गोड चहा. ऐरोलीला नोकरी, मुलगी पहिलीत, बायकोच्या शिफ्ट बदलत्या.

हिवाळ्यात रविवारी बाटल्या भरल्या की आठवडा सुटसुटीत जातो. मार्च लागला की बरणी मधल्या वारीच तयार होते, त्या दिवशी व्यायाम असतो, आणि रविवारपर्यंत थांबलं तर हातात व्हिनेगर येतं. तर बरणी आठवड्याच्या चक्रात बसवता येते का? बाटल्या फुटू नयेत म्हणून नक्की काय मोजायचं? ४५ मिनिटांत ताकदीचा व्यायाम खरंच उरकतो का? आणि खालच्या मजल्यावरच्यांचं काय? जाणकारांनी आकड्यांत सांगावं.

संपादक

धागा चालू द्या. फक्त बिअर, वाइन, मीड (मधाची दारू) यांच्या कृती इथे नकोत. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, मग ते स्वतःपुरतं का असेना. कोंबुचा, कांजी, आल्याचा सोडा, ताक यांवर हवं तितकं लिहा.

आंबवणी

@घोडबंदर_४२, बरणीला वार लावून उपयोग नाही, ती तापमानावर चालते. यीस्ट साखर फोडून मद्यार्क आणि वायू तयार करतं, ॲसेटिक जिवाणू त्या मद्यार्काचं आम्ल करतात. उकाड्यात दोघांचाही वेग वाढतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत घरात २३-२५ अंश असतं तेव्हा ९ ते १२ दिवस लागतात. पावसाळ्यात ७-८. एप्रिल-मे मध्ये खोली ३१-३३ अंशांवर गेली की ४-५ दिवसांत काम तमाम. म्हणजे तुमची शनिवारी लावलेली बरणी गुरुवारी तयार होणारच, त्यात बिघाड काही नाही.

आधी ५ लिटरच्या बरणीचं प्रमाण एकदा पक्कं करून घ्या:

चहा ३.५ लिटर, त्यात २५ ग्रॅम चहापत्ती आणि २४० ग्रॅम साखर. त्यावर ५०० मिली जुना, चांगला आंबट कोंबुचा, म्हणजे स्टार्टर. स्टार्टर एकूण मापाच्या १० टक्क्यांखाली कधीच नेऊ नका. तो घातल्यावर पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ४.५ च्या खाली यायलाच हवा, कारण बुरशीपासून पहिले दोन दिवस तेवढंच संरक्षण असतं. उन्हाळ्यात वेग कमी करायला स्टार्टर कमी घाला असं काही जण सुचवतात. तो सल्ला ऐकू नका, वेग फारसा कमी होत नाही आणि बुरशीला मात्र दार उघडतं.

आता तुमचा गुरुवार. बरणी तयार आहे का ते चव आणि पीएच दोन्ही बघून ठरवा, ३.२ ते ३.० च्या आसपास बहुतेकांना आवडतं. २.५ च्या खाली गेलेलं पिऊ नका, स्टार्टर म्हणून ठेवा. तयार असेल तर वरच्या थरातून ५०० मिली बाजूला काढा, खालचं गाळून बाटल्यांत भरा आणि थेट फ्रिजमध्ये. फळ नाही, साखर नाही. ते ५०० मिली आणि वरची साय (जिवाणू-यीस्टचा जाडसर थर) परत बरणीत, वर कापड. या सगळ्याला १० मिनिटं लागतात. एवढ्याशा स्टार्टरमध्ये साय आठवडाभर निवांत राहते. शनिवारी सवडीने नवा चहा करून त्यावर ओता.

म्हणजे थांबायच्या दोन जागा झाल्या: पहिली, म्हणजे बरणीतली, आंबवण संपल्यावरचा फ्रिज आणि स्टार्टरवर बसलेली बरणी. फळ घालून बूच लावलेली बाटली बाहेर ठेवणं ही मात्र थांबायची जागा नाही. घोळ होतात ते तिथेच.

स्टार्टर वरच्या थरातून का? तळाशी यीस्टचा गाळ बसतो. दरवेळी तळाचं वापरलं तर तीन-चार फेऱ्यांत यीस्ट वरचढ होतं, वास बिअरसारखा येतो, फेस खूप, आंबटपणा कमी आणि मद्यार्क जास्त.

प्लेट_पावकिलो

+१. चहा थंड व्हायला तीन तास लागतात म्हणून हे काम रात्री ११ वर जातं, त्यालाही तोड आहे. १ लिटर पाणी उकळून त्यातच सगळी पत्ती १० मिनिटं ठेवा, गाळा, साखर विरघळवा. हे साधारण ८५ अंशांवर असतं. त्यात उकळून गार केलेलं किंवा फिल्टरचं, फ्रिजमधलं ८ अंशांचं २.५ लिटर पाणी घाला. मिश्रण ३० अंशांच्या आसपास येतं आणि लगेच स्टार्टर घालता येतो. उकळी धरून २५ मिनिटांत ओटा रिकामा. गरम चहा थेट गार बरणीत ओतू नका, काच तडकते. मिसळायचं पातेल्यात, स्टीलच्या.

चिकू_मिल्कशेक

पितळेचं पातेलं चालेल का? आणि आजीची लोणच्याची चिनी मातीची बरणी रिकामी आहे.

आंबवणी

दोन्ही नाही. तांबं-पितळ आम्लात उतरतं, कल्हई असली तरी भरवसा नको. जुन्या चिनी मातीच्या बरणीच्या झिलईत शिसं आहे की नाही हे घरी कळायला मार्ग नाही, आणि इथे आम्ल आठवडाभर बसून असतं. काच घ्या. गाळणं, पातेलं, चमचा स्टीलचे चालतात, कारण संपर्क काही मिनिटांचा.

चहाचंही सांगून ठेवते. नेहमीची सीटीसी दाणेदार पावडर चालते, पण गढूळ आणि तुरट होतं. सीटीसी असेल तर २५ ऐवजी १८-२० ग्रॅम पुरते. पानाचा चहा, म्हणजे ऑर्थोडॉक्स, असेल तर रंग आणि चव दोन्ही स्वच्छ. मसाला चहा आणि अर्ल ग्रे बाद, त्यातल्या तेलांनी जिवाणू मंदावतात. गूळ घातला तर आंबवण जोरात होते, फेस वाढतो, आणि गुळागणिक साखरेचं प्रमाण वेगळं असल्याने बाटलीतला दाब सांगता येत नाही. पहिल्या आंबवणीला साधी साखरच घ्या.

डेडलिफ्ट_देशपांडे

व्यायामाचं मी घेतो. ४५ मिनिटं पुरतात, अट एवढीच की हातात फोन नको आणि प्रकार मोजके हवेत.

अ दिवस: स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन बैठका) ३ सेट, ५ रेप्स, म्हणजे एका दमात ५ वेळा, अशा ३ फेऱ्या. मग बेंच प्रेस (बेंचवर पडून बार छातीवरून वर ढकलणं) ३ सेट, ५ रेप्स, आणि त्याच्या जोडीला डंबेल रो (वाकून डंबेल पोटाकडे ओढणं) ३ सेट, ८ रेप्स. रो डंबेलने अशासाठी की बार एक आहे आणि तो बेंचवर अडकलेला असतो. बेंचचा सेट, ९० सेकंद, रोचा सेट, ९० सेकंद, पुन्हा बेंच. ढकलणारे स्नायू विसावतात तेव्हा ओढणारे राबतात. स्क्वॉटच्या सेट्समध्ये मात्र पूर्ण ३ मिनिटं घ्या, तिथली घाई रेप्स खाते.

ब दिवस: डेडलिफ्टचा (जमिनीवरून बार उचलून उभं राहणं) वॉर्मअपनंतर एकच जड सेट, ५ रेप्स. मग ओव्हरहेड प्रेस (उभ्याने बार डोक्यावर ढकलणं) ३ सेट, ५ रेप्स आणि जोडीला पुलअप ३ सेट. पुलअप येत नसतील तर वर उडी मारून पाच सेकंदांत सावकाश खाली या.

वॉर्मअपला वेगळा अर्धा तास नको. रिकामा बार ८ रेप्स, मग त्या दिवशीच्या वजनाच्या निम्मं ५ रेप्स, मग पाऊणपट ३ रेप्स, मग कामाचे सेट.

अ-ब-अ, पुढच्या आठवड्यात ब-अ-ब. नवखे असाल तर स्क्वॉट-डेडलिफ्टला दरवेळी २.५ किलो वाढवा. प्रेसला ही वाढ झेपत नाही. घरात सगळ्यात लहान प्लेट १.२५ ची असते, जोडी लावली की २.५ किलो. ३० किलोच्या प्रेसवर ती ८ टक्क्यांची उडी झाली. एक तर अर्धा-अर्धा किलोच्या प्लेट्स आणा, नाही तर त्याच वजनावर ५ चे ८ रेप्स होऊ द्या आणि मग चढा. एकाच वजनावर लागोपाठ तीन सेशन अडलं तर १० टक्के उतरवून पुन्हा वर या.

सेशन चुकलं तर? क्रम सोडायचा नाही, वार सोडायचा. सोमवारचा अ राहिला तर बुधवारी अ करा. बुधवारी अ आणि ब एकत्र उरकू नका, त्यात दोन्ही अर्धवट होतात आणि गुरुवारी बरणी उचलताना पाठ बोलते. शिफ्टच्या आठवड्यात दोनच सेशन झाली तरी बिघडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीतही प्रौढांना ताकदीचा व्यायाम आठवड्यातून किमान २ दिवसच सांगितलाय. वेळ नसेल तर सेट कमी करा, बारवरचं वजन तेवढंच ठेवा. ताकद टिकते ती वजनाने.

सानपाडा_सई

सगळे ४५ मिनिटं, ४५ मिनिटं म्हणताय, पण घराच्या हिशोबात ती ४५ नसतात. देशपांडे, प्लेट्स चढवणं-उतरवणं, घाम जिरेपर्यंत बसणं आणि आंघोळ धरा. ७० मिनिटं होतात. तीन वेळा म्हणजे साडेतीन तास. कोंबुचाचे गुरुवारचे १० मिनिटं, शनिवारचे २५, बाटल्या भरणं-धुणं मिळून ४०. आठवड्याचे पावणेपाच तास झाले. एवढेच तास बायकोला, तिच्या निवडीच्या वेळी, कोणी हाक न मारता मिळताहेत का ते आधी कॅलेंडरवर लिहा. मग वारांच्या चर्चा.

भांडण बहुधा सिंकवरून होतं. संध्याकाळी ७ ते ९ सिंक आणि ओटा स्वयंपाकाचे, त्या वेळेत बरणी काढायचीच नाही. बाटली रिकामी झाली की लगेच गरम पाण्याने खळबळून उलटी टाकायची, गाळ वाळू द्यायचा नाही. वाळला की बाटलीचा ब्रश आणि अर्धा तास. ओला असतो तेव्हा दहा सेकंद. एवढं पाळलं तर वरच्या ४० मिनिटांतली निम्मी वाचतात.

आणि बुधवारच्या व्यायामाआधी थंड कोंबुचा पिऊ नका. आम्ल अधिक वायू, त्यात पट्टा बांधून श्वास रोखून स्क्वॉट, म्हणजे घशाशी येणारच. व्यायामात पाणी, मे महिन्यात त्यात चिमूटभर मीठ. कोंबुचा जेवणाबरोबर, १५० मिली. त्यात प्रोटीन नसतं, स्नायू भरून यायलाही त्याची मदत नाही. सोड्याऐवजी चवीचं पेय, बस. रात्री उशिरा तर नकोच, चहाचं कॅफिन त्यात उरलेलं असतं.

पहिलीतल्या मुलीला देऊ नका. कॅफिन, थोडा मद्यार्क, दातांवर आम्ल, यातलं काहीच तिला नको आहे. तिला ताक द्या. गरोदर बाई किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेलं कोणी घरात असेल तर त्यांनाही नाही.

घोडबंदर_४२

सई ताई, हिशोब पटला. बाटल्यांचं कोणी सांगेल का? गेल्या महिन्यापासून जांभळी नाक्यावरून घेतलेल्या चौकोनी, क्लिपच्या झाकणाच्या बाटल्या वापरतोय. हापूसचा रस घालायचा विचार आहे.

आंबवणी

थांबा. चौकोनी बाटल्या आजच बाजूला करा. त्या तेल-सरबतासाठी असतात. सपाट काचेला दाब सोसवत नाही, फुटते ती कोपऱ्यात. गोल, जाड बुडाची, वायूच्या पेयासाठीच बनवलेली बाटली हवी. ती नसेल तर सोड्याची रिकामी प्लास्टिक बाटली वापरा, ती या दाबासाठीच बनवलेली असते.

आता हापूस. गणित करा:

१ ग्रॅम साखर पूर्ण आंबली की साधारण अर्धा ग्रॅम वायू आणि अर्धा ग्रॅम मद्यार्क. छान फसफसायला लिटरला साधारण ३.५ ग्रॅम वायू नव्याने तयार व्हावा लागतो, म्हणजे लिटरमागे ७ ग्रॅम साखर. ७५० मिलीच्या बाटलीला सपाट एक चहाचा चमचा.

हापूसच्या रसात १०० मिलीला १४-१५ ग्रॅम साखर असते. लिटरमागे १०० मिली रस घातला की वायू ७ ग्रॅमच्या वर, हव्या त्याच्या दुप्पट. कोंबुचात उरलेली साखर वेगळीच. ही १५ ग्रॅम पूर्ण आंबली तर मद्यार्कही जवळपास १ टक्क्याने वाढतो. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमात ०.५ टक्क्याच्या वर गेलं की ते मद्य धरतात. संपादकांनी वर सांगितलंय त्याच्याशी याचा संबंध आहे. म्हणून हापूस लिटरला ४० ते ५० मिली, साखर शून्य, आणि फोडी नकोत. फोडी वर तरंगून गळ्याशी अडकतात, उघडताना कारंजं छतापर्यंत जातं. रस कपड्याने गाळून घ्या.

कोकम जास्त निर्धास्त. पण आगळ घालू नका, त्यात मीठ असतं. सरबताचं अमृत कोकमही नको, तो साखरेचाच पाक. सुकी कोकमं चार, धुऊन मीठ काढून, ७५० मिलीला, सोबत तो एक चमचा साखर. आलं असेल तर किसलेलं ५ ग्रॅम, साखर तेवढीच.

भरताना वर दोन-अडीच सेंटिमीटर जागा सोडा. प्रत्येक घाणीतली एक बाटली प्लास्टिकची ठेवा, बाकी काचेच्या. प्लास्टिकची दाबून बघायची. बोट आत जाईनासं झालं, न उघडलेल्या सोड्यासारखी घट्ट लागली, की सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये. मे महिन्यात याला १८ ते २४ तास पुरतात, जानेवारीत ३-४ दिवस. उघडण्यापूर्वी किमान ८ तास फ्रिज, गार द्रवात वायू मुरतो.

म्हणून उन्हाळ्यात गुरुवारचा फ्रिजमधला साधा कोंबुचा शनिवारी रात्री फळ किंवा साखर घालून या बाटल्यांत भरायचा आणि रविवारी संध्याकाळी बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायच्या. दोन्ही टोकांना माणूस घरात असतो. घर बंद करून जायचं असेल त्या शनिवारी बूच लावायचंच नाही, साध्या बाटल्या फ्रिजमध्ये पडू द्या. फ्रिजबाहेर असतील तोवर बाटल्या रिकाम्या आईस बॉक्समध्ये झाकण लावून ठेवा, व्यायामाच्या खोलीपासून लांब.

हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजायचं साधन) आणायचा कोणाचा विचार असेल तर पैसे वाचवा. घनता कमी झाली ती साखर मद्यार्कात गेली की पुढे आम्लात, हे तो सांगू शकत नाही. पीएच मीटर घ्या, स्वस्तातला पिवळा चालतो, पण ४.०१ आणि ६.८६ च्या बफर पावडरीने दर महिन्याला जुळवून.

नेरूळकर_काका

खालच्या मजल्याचा प्रश्न तसाच राहिलाय. स्लॅबची भीती लोकांना उगाच वाटते. इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकात, आयएस ८७५ च्या भाग २ मध्ये, राहत्या खोलीला चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो भार धरलेला असतो. तुमच्या प्लेट्स १२०, बार २०, स्टँड ५०, बेंच ३०, तुम्ही ८०: एकूण ३०० किलो. २.४ बाय २ मीटरच्या कोपऱ्यात पसरले तर चौरस मीटरला ६२ किलो. पुस्तकांनी भरलेलं कपाट याहून जड पडतं. मात्र हे धडधाकट इमारतीचं. गळकी, सळया उघड्या पडलेली इमारत असेल तर आधी ऑडिट.

खरा त्रास आदळण्याचा. १०० किलो अर्ध्या फुटावरून सोडले की लाद्या तडकतात आणि खालचा पंखा हलतो. १२ मिमी प्लाय, त्यावर १५ ते २० मिमीची रबरची मॅट, प्लाय बारच्या लांबीपेक्षा थोडा मोठा, म्हणजे भार पसरतो. पण मॅट आवाज कमी करते, बंद करत नाही. डेडलिफ्ट खाली ठेवतानाही हात सोडायचे नाहीत. पहाटे ६ च्या आत डेडलिफ्ट असेल तर रोमानियन डेडलिफ्ट करा, बार जमिनीला टेकतच नाही. आणि ब दिवसाचे वार खालच्यांना सांगून ठेवा. अचानक आलेल्या आवाजाची तक्रार होते, माहितीतल्या आवाजाची सहसा नाही.

डेडलिफ्ट_देशपांडे

काकांना अनुमोदन. भर एवढीच घालतो: मुलगी घरात आहे, तर १० किलोच्या प्लेट्स भिंतीला टेकवून उभ्या ठेवू नका, आडव्या थप्पीत ठेवा. एकट्याने बेंच करताना सेफ्टी आर्म (बार अडवणारे आडवे दांडे) नसतील तर कॉलर (प्लेट्स अडवणाऱ्या क्लिपा) लावू नका, अडकलात तर बार एका बाजूला कलवून प्लेट्स सरकवता येतात. व्यायाम चालू असताना दाराला आतून कडी.

पावसाळ्यात गंज हमखास. घोडबंदर असो की वाशीची खाडी, हवा सारखीच खारट-ओली. दर रविवारी बारवर नायलॉनचा ब्रश आणि शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब, मग कोरड्या फडक्याने पुसून. ओला टॉवेल बारवर टाकायचा नाही.

चिकू_मिल्कशेक

श्रावणात आमच्याकडे अंडंसुद्धा बंद. ७५ किलोला प्रोटीन कुठून आणायचं?

सानपाडा_सई

किलोला १.६ ग्रॅम धरलं तर १२० ग्रॅम. सोया चंक्स सुके ५० ग्रॅम, त्यातून २६. पनीर १०० ग्रॅम, त्यातून १८. व्हे (दुधातल्या प्रोटीनची पावडर) दोन स्कूप, साधारण ४८. हे ९२ झाले. उरलेले २८ दोन वाट्या घट्ट वरण किंवा मटकीची उसळ, पोळ्या आणि दह्यातून सहज निघतात. सोया सगळ्यांच्याच भाजीत घाला, मीठ घालून उकळून, दोनदा पिळून, म्हणजे उग्र वास जातो आणि वेगळा डबा करावा लागत नाही. वेगळा स्वयंपाक सुरू झाला की प्रोटीनचं प्रकरण पंधरा दिवसांत बंद पडतं.

उपवासाला साबुदाण्यावर विसंबू नका, त्यात प्रोटीन जवळपास नाहीच. राजगिरा, दही, शेंगदाणे, आणि चालत असेल तर व्हे. त्या दिवशी जड डेडलिफ्ट ठेवू नका एवढंच.

घोडबंदर_४२

गणपतीला दहा दिवस गावी, कोकणात. बरणी आणि बार, दोघांचं काय करू?

आंबवणी

जायच्या आदल्या दिवशी ताजा चहा घालून ठेवा, ३.५ लिटरचाच, स्टार्टर ८०० मिली. परत याल तेव्हा प्यायच्या लायकीचं नसेल, पण उत्तम स्टार्टर असेल. फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीत जिवाणू सुस्तावतात आणि नंतरच्या फेरीत बुरशी धरते. बरणी देवघरापासून लांब. दहा दिवस तुम्ही नाही, पण एरवीही उदबत्तीचा धूर आणि फोडणीची वाफ दोन्ही त्या कापडावर बसतात.

कापड म्हणजे मलमल नव्हे. चिलटं त्यातून आरामात शिरतात आणि साईवर अळ्या दिसतात, मग सगळं फेकायचं. जुन्या सुती बेडशीटचा तुकडा दुहेरी, वर घट्ट रबर. जवळ केळी, कांदे, ओला नारळ ठेवायचा नाही.

परत आल्यावर साय बघा. पांढरी, सपाट, सुरकुतलेली पातळ कातडी असेल तर ते काहम यीस्ट, काढून टाका, स्टार्टरचा वास चांगला असेल तर चालतं. कोरडे, लव असलेले हिरवे-निळे-काळे ठिपके दिसले तर बुरशी. तेव्हा वरचं काढून खालचं वाचवायच्या फंदात पडू नका. साय, स्टार्टर, सगळं ओतून टाका आणि बरणी उकळत्या पाण्याने धुवा, आधी कोमट घालून मग. म्हणून २५० मिली चांगला स्टार्टर वेगळ्या लहान बरणीत नेहमी बाजूला असावा. साय नसली तरी चालते, स्टार्टरवर नवी तयार होते.

डेडलिफ्ट_देशपांडे

बारसाठी: दहा दिवसांची सुट्टी म्हणजे सुट्टीच घ्या. आल्यावर पहिलं सेशन १० टक्के कमी वजनाने, सेट दोनच, दुसऱ्या आठवड्यात जुन्या आकड्यावर. महिनाभर गेला तर २० टक्के कमी. डेंग्यू-मलेरियाचा ताप येऊन गेला असेल तर हे आकडे विसरा, डॉक्टर हो म्हणेपर्यंत बार नाही.

प्लेट_पावकिलो

दर आठवड्याचा गुरुवारही नको असेल तर नळाची बरणी बघा. ८ लिटरची, दर दोन-तीन दिवसांनी लिटरभर काढायचं, तेवढाच गोड चहा वरून घालायचा. एका वेळी तिसऱ्या हिश्शाहून जास्त काढायचं नाही, नाही तर आंबटपणा घसरतो. नळ स्टीलचा ३०४ चा किंवा फूड ग्रेड प्लास्टिकचा. बाजारात दिसणारे चकचकीत नळ बहुतेक मुलामा दिलेले असतात, आम्लाने मुलामा उडतो.

घोडबंदर_४२

नळातून थेंब थेंब गळतं असं ऐकलंय.

प्लेट_पावकिलो

वॉशर आतून एक आणि बाहेरून एक, दोन्ही सिलिकॉनचे, काळं रबर नको, वास धरतं. नट हाताने घट्ट करून वर पाव फेरा, पान्याने जोर लावला की काच जाते. चहा घालण्यापूर्वी साधं पाणी भरून रात्रभर कागदावर ठेवून बघा. दोन-तीन महिन्यांनी यीस्टच्या तारा नळात अडकून धार बारीक होते. तेव्हा सगळं काढून गाळ धुवा, वरचा लिटरभर स्टार्टर राखून. ८ लिटरची भरलेली बरणी काचेसकट १०-११ किलो होते. ती ओट्याच्या कडेला नको, आत भिंतीशी ठेवा, नळाखाली पेला मावेल एवढ्या उंचीच्या लाकडी पाटावर.